बाजारापुरता आवाज

तोंड उघडं, उजवा हात डोक्याच्याही वर, हातात आहेराचा पांढरा टॉवेल आणि ‘टॉवेल-टोपी घ्या’मधली टोपी अजून जिभेवरच. अशा ऐन रंगात आलेल्या इशर कौरला रस्त्यापलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या सावलीत, सिमरतचे भापाजी उभे दिसले. टोपी जिभेवरच राहिली. सिमरत ही तिची चौदा वर्षांची लेक आणि भापाजी म्हणजे वडील. म्हणजे पलीकडे उभा होता तो इशरचा नवरा, आणि हिंगोलीत येऊन तीन वर्षं झाली तरी हा माणूस आठवडी बाजाराकडे एकदाही फिरकला नव्हता. निळी पगडी, घरात घालायचा सदरा, खांद्यावर गठुडं. गठुडं पाहून तिच्या डोक्यात उजेड पडला. लहान लेकरांचे टॉवेल ती सकाळच्या घाईत दाराआडच विसरून आली होती. सिमरतचा आज पेपर, म्हणून गठुडं उचलून ते स्वतःच निघाले असणार. आले तर आले, पण किती वेळचे उभे आहेत? किती हाळ्या ऐकल्या? ऐकल्या कसल्या, दोन्ही कान जाऊन पाच वर्षं झाली त्यांना. पण उघडं तोंड दिसायला कान लागत नाहीत. ‘आता गं बया,’ असं तिच्या मनात आलं, आणि त्याही अवस्थेत तिला नवल वाटलं, की घाबरली तर घाबरली, पण मराठीत घाबरली.

बाजारात बसायला त्यांनी तिला होकार दिला होता तो एका अटीवर. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. ते शिलाई मशीनवर बसले होते, तिनं समोर बसून, ओठ नीट हलवून, एकेक शब्द वेगळा करून विचारलं होतं, की तुम्ही शिवलेले हातरुमाल मी बाजारात नेऊन विकू का? त्यांनी आधी हातातला काठ शिवून संपवला. मग म्हणाले, “बस. माल मांडून बस. पण तुझा आवाज बाजारात जाता कामा नये.” कान गेल्यापासून आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना समजत नाही, म्हणून ते सहसा बोलतच नाहीत, बोलले, की वरच्या मजल्यावर घरमालक गुलाबचंद शेटजींच्या स्वयंपाकघरातली फोडणी थांबते. त्या दिवशी बोलले ते असे, की इशर कौरचा आवाज घराबाहेर जायचा नाही ही बातमी सगळ्या गल्लीच्या कानावर गेली. तिनं मान डोलावली. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि बहिऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडणं फार सोपं असतं, मोडल्याचा आवाज त्याला जात नाही. हे तिला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं आणि कळल्यावर आनंद झाला होता, याची लाज तिला आत्ता, टॉवेल हातात घेऊन उभी असताना, भर उन्हात वाटून गेली.

त्यांचंही चुकलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. ज्या काबूलमधून ते आले, तिथं बाईचा आवाज ही घरातली वस्तू असते. पेटीतल्या चांदीसारखी ती आत असते, आतल्यांना माहीत असते, बाहेर कुणी तिची चौकशी करत नाही. इशरची आई सांगायची, हसायचं तर दुसऱ्या खोलीपर्यंत जाईल एवढंच हसावं. दार वाजलं आणि घरात बाप्या माणूस नसला, तर त्यांच्या गल्लीत बायका ‘कोण आहे’ म्हणून विचारत नसत. दोन टाळ्या वाजवायच्या. दोन टाळ्या म्हणजे घरात पुरुष नाही, नंतर या. रोट्यावाला, पाणीवाला, वर्गणी मागणारा, सगळे त्या दोन टाळ्या समजून आल्या पावली परत जायचे. इशर लग्न होऊन आली ती अशाच टाळ्यांच्या घरात. दुःखात होती असं कुणी समजू नये. नवऱ्याचं काबूलच्या शोर बाजारात अत्तारीचं दुकान होतं, जडीबुटीचं. बडीशेप, ज्येष्ठमध, गुलाबाच्या सुक्या कळ्या, आणि हिंदुस्थानातून आलेली हळद. पुड्या घरी बांधायच्या. इशर डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची, ही कशाची पुडी. पण ज्या दुकानासाठी तिनं अठरा वर्षं पुड्या बांधल्या, ते दुकान तिनं आयुष्यात दोनदा पाहिलं, तेही बुरख्याच्या जाळीतून. तिथं गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, भाव कसा पाडतात, नाही म्हणणाऱ्याला परत कसं वळवतात, हे तिचे पती सगळ्या बाजारात नावाजलेले असूनही तिला ऐकून माहीत होतं, बघून नाही.

मग एका सकाळी धरमसालमध्ये, म्हणजे त्यांच्या गुरुद्वाऱ्यात, अरदास चालू असताना तो स्फोट झाला. त्यावर इशर जास्त वेळ थांबत नाही. मनाला तिनं तशी सवय लावली आहे. धाकटा दीर त्यात गेला. हे वाचले. इस्पितळात ती त्यांच्या कानाशी लागून बोलत होती, आयुष्यात कधी बोलली नव्हती इतकं बोलत होती, आणि ते तिच्याकडे बघत म्हणत होते, “बोल ना काहीतरी. गप्प का आहेस?” एवढं एक वाक्य तिला अजून मधूनच आठवतं, बसमध्ये, भाकरी खाताना, कुठंही.

तिथून दिल्ली, दिल्लीत पाच कुटुंबं एका मजल्यावर, मग नांदेड. गुरुद्वाऱ्याच्या सराईत दीड महिना काढला. तिथं सेवेला येणाऱ्या एकानं हिंगोलीच्या गुलाबचंद कापडवाल्यांना फोन लावला, आणि गुलाबचंदांनी, ज्यांची यांची ना ओळख ना पाळख, दुकानामागची एक खोली, एक जुनं मशीन आणि उरलेल्या कापडाचे तागे असं सगळं पुढ्यात ठेवून दिलं. म्हणाले, मशीनला कान लागत नाहीत, शिका. पुड्या तोलणारा हात शिवायला बसला. पहिल्या दस्त्यांचे काठ बघून गुलाबचंद म्हणाले होते, “सरदारजी, ये दस्ती है या नांदेडचा रस्ता?” सिमरतनं ते कागदावर लिहून बापाला दाखवलं, आणि काबूल सोडल्यापासून ते पहिल्यांदा हसले. हातरुमालाला इकडं दस्ती म्हणतात हे इशरला त्या दिवशी समजलं. काबूलला दस्त म्हणजे हात. बाजार तिकडंही बाजारच, दुकान दुकानच, दरवाजा दरवाजाच, आवाजही आवाजच. परक्या मुलखात यावं आणि निम्मे शब्द आधीच येऊन चूल मांडून बसलेले असावेत, तसं तिला झालं होतं. देवानं एवढी तरी सोय करून ठेवली होती, यासाठी ती रोज सकाळी हात जोडते, अगदी न चुकता.

पण शब्द सापडले तरी तोंड कुठं उघडत होतं? हे घरी नसताना गॅसवाल्यानं दार वाजवलं, की इशर आतून दोन टाळ्या वाजवायची. गॅसवाला बिचारा बाहेर उभा. पुन्हा दार, पुन्हा टाळ्या. शेटाणीबाईंना वाटायचं सरदारीणबाईंचं भजन चाललंय, त्या गॅसवाल्याला म्हणायच्या, थांब जरा, देवाचं होऊ दे. नळपट्टीवालाही असाच तिष्ठत बसून गेला. हे टाळ्यांचं प्रकरण घरात मिटलं, ते बाजारात उपटलं. पहिल्या दिवशी इशर पालाखाली दस्त्या मांडून, ओढणी पार नाकापर्यंत ओढून बसली. तासाभरानं एक म्हातारा आला, पुसेगावकडचा, ग्यानोबा त्याचं नाव. दस्ती हातात घेतली, उन्हात धरली, काठ ओढून बघितला, म्हणाला, “बाई, केवढ्याला दिली?” आणि इशरच्या हातांनी, तिला न विचारता, दोन टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं मागं बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन टाळ्या.

“मी का शेळी हाय व्हय गं, टाळ्या वाजवून हाकलायला?” ग्यानोबा असा कडाडला, की चार पालं उठून उभी राहिली.

शेजारी लसूण-अद्रकाचा ढीग घेऊन चतुराबाई बसली होती. साठीची बाई, निळं लुगडं, कपाळ मोकळं, तोंड कायम चालू. ती उठली, मधे आली. “दादा, घुस्सा करू नका. बाहेरच्या मुलखातली हाय ती. तिच्याकडं टाळ्या म्हंजे रामराम असंल. घ्या दस्ती, चांगली हाय, तुमच्या नातवाच्या लग्नात खांद्यावर टाकून मिरवा.” टाळ्या म्हणजे रामराम नव्हता, नेमका उलटा होता, पण ग्यानोबानं जाताना इशरकडे बघून दोन टाळ्या वाजवल्या आणि दोन दस्त्या घेऊन गेला. चतुराबाई पोट धरून हसली. मग तिच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, “माय, तोंड हाय ना तुला? मंग? बोलणाराची माती खपती, न बोलणाराचं सोनं बी पडून राहतं.” इशरनं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, अट आणि शब्दासकट. चतुराबाईनं ऐकून घेतलं. उपदेश केला नाही, नवऱ्याला नावं ठेवली नाहीत, अरेरे म्हटलं नाही. म्हणाली, “बरं. तू नगं बोलू. मी बोलते.” आणि त्या दिवसापासून महिनाभर ती स्वतःच्या मालाबरोबर इशरच्याही मालाची हाळी देत राहिली. “लसूण घ्या, अद्रक घ्या, दस्ती घ्या!” लोक दस्तीला नाक लावून बघायचे. एक तर म्हणाला, दस्तीला फोडणी देऊन आणली का काय. तरी खपली. परक्या बाईचा माल आपल्या घशानं विकणारी माणसं जगात असतात, हे इशरला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आणि मग तो दिवस. चतुराबाई आली तीच गळ्याला फडकं बांधून. घसा पार बसलेला, शब्द फुटेना. लसणाचा ढीग नेहमीपेक्षा मोठा, दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकं. पलीकडून बांगड्यांच्या टोपलीशी बसलेली हाजराबी ओरडली, “अगे इशर, आज उसका गला तू बन ना!” चतुराबाईनं मात्र काही मागितलं नाही. मागितलं असतं, तर इशरनं कदाचित दिलं नसतं. ती नुसती लसणाची सालं काढत बसली होती आणि तिची नजर ढिगावर होती. इशरनं ओढणी दाताखालून सोडली. “लसूण!” म्हणाली. एवढंच. आवाज असा निघाला, जसा कुलूप लावून ठेवलेल्या खोलीचा दरवाजा. पण निघाला. “लसूण घ्या! अद्रक घ्या!” समोरून जाणारी बाई थांबली, वळली, आणि पदर सावरत लसणापुढं उकिडवी बसली. आपल्या तोंडातून काहीतरी निघालं आणि एक माणूस वळलं, हे इशरला आयुष्यात पहिल्यांदा घडलेलं दिसलं. त्या दिवशी तिनं स्वतःच्या दस्तीची एकही हाळी दिली नाही. दुसऱ्याच्या लसणासाठी शब्द मोडला, त्याचं पाप थोडं कमी लागेल, असा तिनं हिशोब केला होता. पुढच्या बाजाराला चतुराबाईचा घसा उघडला आणि इशरचा मिटला नाही. दस्ती, टॉवेल, आहेराची टोपी. लग्नात पाहुण्या बाप्यांना टॉवेल-टोपीचा मान करतात ही इकडची रीत समजल्यावर तर तिची हाळीच बदलली.

मग फक्त हिंगोलीच राहिली नाही. वसमतचा बाजार, पुसेगावचा बाजार. डोक्यावर गठुडं घेऊन एकटीनं एसटीत बसायचं. पहिल्यांदा वसमतला निघाली तेव्हा कंडक्टर भावसिंगानं विचारण्याआधीच अर्धं तिकीट फाडून हातात दिलं. तिनं घाबरत घाबरत कागदांची पिशवी उघडली, दिल्लीचे कागद, शिक्के, फोटो. तो म्हणाला, “ठेवा ते, मावशी. बायांना अर्धंच असतंय.” बाई असल्यानं काहीतरी कमी पडलं, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, पण बाई असल्यानं काहीतरी कमी द्यावं लागलं, हे पहिल्यांदाच. खिडकीजवळ बसून ती वसमतपर्यंत ते तिकीट हातात घेऊन होती. बाहेर हळदीची शेतं होती. शोर बाजारातल्या दुकानात यायची ती हळद जमिनीतून अशी निघते होय, म्हणून ती कितीतरी वेळ मान वळवून बघत राहिली, आणि शेजारच्या बाईला विनाकारण म्हणाली, “अच्छी है.” शेजारची म्हणाली, “व्हय, औंदा बरी हाय.”

घरी मात्र ती गप्प बाई होऊन परतायची. उंबऱ्याशी आवाज उतरवून ठेवायची. आत तोवर चूल आवरलेली असायची. ज्या माणसानं काबूलला पाण्याचा पेला स्वतः कधी उचलून घेतला नव्हता, तो आता कणीक मळतो, मेथी निवडतो, सिमरतच्या लांब केसांतला गुंता कंगव्यानं खालून वर असा धीरानं सोडवतो, की तसा इशरला सुद्धा येत नाही. पहिल्या दिवसांत दार लावून घ्यायचे आणि मगच लाटणं हातात घ्यायचे. एकदा शेटाणीबाई अचानक आल्या तर लाटणं पाठीमागं लपवलं होतं, पिठाचे हात तसेच. शेटाणीबाईंनी दिसलं नाही असं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर लोणचं धाडलं. हळूहळू दार उघडं राहायला लागलं. इशरला या सगळ्याचं इतकं अप्रूप आहे, की कधीकधी ताटावर बसून तिला रडू येतं आणि ते समजतात भाजी तिखट झाली. रोज जेवताना ते विचारतात, तोच प्रश्न: “कुणी तकलीफ दिली नाही ना? गप्प बसून असतेस ना?” आणि ती मान डोलावते. दीड वर्ष रोज मान डोलावते. हाच तो घास, जो तिच्या गळ्याखाली कधी नीट उतरला नाही.

“काहून गप बसलीस गं?” चतुराबाईनं ढोसलं. “गिऱ्हाईक उभं हाय की.”

लग्नघरची माणसं होती, पंचवीस टॉवेल-टोप्या हव्या होत्या, माल चाचपत होती. इशर म्हणाली, “सिमरतके भापाजी.”

“कुठं?” चतुराबाईनं डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघितलं. “ते निळी पगडी? अगं माय! मंग हाक मार की, उन्हात काहून उभं केलंस?” आणि मग स्वतःच जीभ चावली. “व्हय की. ऐकू नाही येत त्यांना.”

ते हलत नव्हते. तिच्याकडे बघत होते, मग आजूबाजूला बघत होते, मग पुन्हा तिच्याकडे. चेहरा इतक्या लांबून वाचता येत नव्हता. रागात माणूस असा उभा राहतो का? लाजेनं असा राहतो? आता ते गठुडं तिथंच ठेवून परत जातील. संध्याकाळी जेवताना प्रश्न विचारणार नाहीत. किंवा सरळ म्हणतील, उद्यापासून नाही. उद्यापासून नाही म्हणाले तर? इशरनं मनाच्या तळाशी हात घालून बघितलं, तिथं जुनी मान डोलावणारी बाई सापडेल या आशेनं. ती नव्हती. तिथं एसटीतली खिडकी होती, हाजराबीची हाक होती, वसमतच्या बाजारातली ओळखीची गिऱ्हाइकं होती, स्वतःचा आवाज होता. नाही म्हणाले तरी ती थांबणार नव्हती. पण या माणसावर तिचा जीवही होता. काबूलपासून हिंगोलीपर्यंत सगळं सुटत गेलं, हा एक सुटला नाही. आज बाजार आणि हा, यातलं एक सुटायची वेळ आली, असं तिला वाटलं.

मग तिनं जे केलं त्याचं तिलाच पुढं नवल वाटत राहिलं. तिनं टॉवेल पुन्हा उचलला. त्यांच्याकडे तोंड केलं. ओढणी मागं सारली, म्हणजे ओठ नीट दिसावेत. आणि दीड वर्षातली सगळी हाळी एकवटून, एकेक शब्द वेगळा काढून, ओरडली, “टॉवेल घ्या, टोपी घ्या! आहेराची टॉवेल-टोपी घ्या!” जे होतं ते त्यांना दाखवून टाकलं. लपवून ठेवण्यासारखं आता तिच्याकडे काही उरलं नाही.

ते सावलीतून निघाले. गठुडं खांद्यावर सारखं केलं आणि रस्त्यावर उतरले, सरळ तिच्याकडे, तिच्यावरची नजर न काढता. त्याच वेळी गिरणीच्या बोळातून एक छोटा हत्ती टेम्पो, पोत्यांनी भरलेला, उलटा येत होता. त्याचं ते मागं घेतानाचं पिपाणीसारखं गाणं वाजत होतं. बाजारातली माणसं, शेळ्या, सायकली, सगळी त्या गाण्यानं बाजूला होत होती. ते होत नव्हते. ड्रायव्हर आरशात बघत नव्हता. इशरनं ते पाहिलं, आणि तिच्या तोंडातून आला तो शब्द ना हाळीचा होता, ना मराठी.

“तरलोकसिंग!”

अठरा वर्षांच्या काबूलच्या संसारात आणि पाच वर्षांच्या फिरस्तीत तिनं हे नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. ना घरात, ना कागदपत्रांसाठी कुणी विचारलं तेव्हा. तिथं सिमरत सांगायची. ते नाव आत्ता सगळ्या बाजारावरून गेलं. बांगड्यांवरून, मिरच्यांवरून, शेळ्यांच्या बाजारावरून, पार गिरणीच्या दारापर्यंत. सगळा बाजार वळला. वळला नाही तो ज्याचं नाव होतं तो एकटा. पण ड्रायव्हर दचकला आणि ब्रेक लागला. केळीच्या गाड्यावरचा संतोष झेपावला आणि त्यानं सरदारजींना दंडाला धरून अलीकडं ओढलं. गठुडं पडलं, लेकरांचे पिवळे, गुलाबी टॉवेल रस्त्यावर पसरले, आणि कुणीकुणी उचलून, झटकून, त्यांच्या हातात आणून दिले.

“घेतलं गं बाई, इशराबाईनं नाव घेतलं!” चतुराबाई कपाळाला हात लावून म्हणाली. “तेबी बिनउखाण्याचं!” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

ते पालाशी आले. धाप लागली होती. हाजराबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी दोन घोट घेतले, मान लववून शुक्रिया केला. इशर त्यांच्याकडे तोंड करून, ओठ हलवून म्हणाली, “मी शब्द मोडला.”

त्यांनी ते वाचलं. हात झटकला. “ते घरी बघू,” म्हणाले. म्हणाले म्हणजे गरजले, नेहमीसारखे. लग्नघरची माणसं दोन पावलं मागं सरली. “गिऱ्हाईक उभं आहे, ते आधी बघ. मी केव्हाचा बघतोय पलीकडून. तू हाळी देतेस ना, तेव्हा त्या मिरचीवालीपर्यंत माना वळतात. तिच्यापुढं एकही वळत नाही. पलीकडच्या वाटेनं निम्मं लग्न चाललंय आणि कुणाला पत्ता नाही इकडं टॉवेल आहे म्हणून.” शोर बाजारात नावाजलेला दुकानदार तिच्यासमोर उभा होता, जो तिनं उभ्या जन्मात धड पाहिला नव्हता. त्यांनी मिरचीवालीकडे बोट केलं, मग लांब गिरणीकडे. “पण मघाशी, त्या गाडीच्या वेळी, तू निराळंच काहीतरी ओरडलीस. तेव्हा पार गिरणीच्या दारातली माणसं वळली. मी मोजली. तसा आवाज पाहिजे. काय ओरडली होतीस?”

इशरनं मान खाली घातली. त्यांनी हनुवटीखाली बोट न लावता, नुसतं वाकून, तिचे ओठ दिसतील असं बघितलं. “सांग ना. काय होतं?”

तिनं मान वर केली. चतुराबाई बघत होती, हाजराबी बघत होती, लग्नघरची माणसं टॉवेल हातात घेऊन बघत होती. तिनं आवाज न काढता, एकेक अक्षर वेगळं करून, ते नाव ओठांवर आणलं. त्यांना कळलं नाही. कसं कळावं, ते नाव तिच्या ओठांवर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तिनं पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश.

“माझं?” ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले, की पार गिरणीपर्यंतच्या माना पुन्हा एकदा वळल्या.